दशा

बेलतरोडीच्या पुढे, जिथे मोबाइलमधली बाईसुद्धा
‘यू-टर्न घ्या’ म्हणून थकते,
तिथे माझं घर. प्लॉट नंबर एक्केचाळीस.
मागच्या भिंतीला लागून निखाऱ्यांची भिंत.
त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजतो.
रस्त्याने गेलं तर त्यांचं दार
पावणेतीन किलोमीटर.

लाजेची गोष्ट, हा रस्ता मीच काढलेला.
एकोणनव्वद साली धंतोलीत ट्रेसर होतो.
एक शेत, एक खसरा, एक मालक, एक ले-आउट.
तीस फुटी रेघ ओढत यायचं,
हद्द आली की पेन्सिल उचलायची.
पलीकडे तेव्हा तूर होती.
तुरीला कशाला लागतो रस्ता, साहेब म्हणाले.
मग तूर गेली, तिथे दुसरा ट्रेसर आला,
त्यानेही उचलली पेन्सिल,
इंचभर अलीकडे.

चिंधूजी निखारे, वय ब्याऐंशी, मूळचे तांडापेठेचे.
हातमाग सुटला, मुलाने इकडे आणलं.
भिंतीपलीकडून बोलतात, चेहरा दिसत नाही:
“आमच्या तिकडं बापा, एका गल्लीत मांडव पडला
तं तीन गल्ल्या म्हणत, इकून या.
ताण्याचं बीम खांद्यावर घेऊन
झोपेतबी पोचत होतो गांधीबागेत.
चुकलो, तं कोणाच्या ओट्यावर चहा.”

मग बराच वेळ नुसता खोकला. मग:
“लुगडं मधात विणलेलं राह्यते.
पदर सरला का धागे लोंबतात खाली,
एकमेकाले शिवत नाही.
त्याले दशा म्हंतात.
गाठी नाही मारल्या
तं उसवत उसवत मधापर्यंत जाते.”

मंगळवारी त्यांची सून वैजयंती
स्टुलावर चढली, विरजणाची वाटी घेऊन.
वाटी पोचली. स्टूल कलंडलं.
हाताला प्लास्टर, तीन आठवडे.

गुरुवारी मी सब्बल आणली.
भिंत सिंगल विटेची, सिमेंट कमी;
आमच्या काळातले ठेकेदार, देव त्यांचं भलं करो.

सोसायटीची नोटीस आली आहे:
सदर वाट मंजूर नकाशात नाही.
खरं आहे. मूळ ट्रेसिंगवर सही माझीच.

चिंधूजी आडवे होऊन आत आले,
धोतर विटेला अडकलं, सोडवलं,
आणि खुर्चीत बसायच्या आधी
वळून फटीकडे पाहत म्हणाले,
“पन्हा किती ठेवला?”

दीड फूट, मी म्हटलं.
“गाठीपुरता आहे.”