भरणी

स्पर्धा शनिवारी. बुधवारी रात्री अकरापासून
भात सुरू, असं ब्योननं लिहून दिलंय.
दर दोन तासांनी पन्नास ग्रॅम कर्बोदकं,
मीठ नाही, तेलाचा थेंब नाही, कौतुक नाही.
शेवटचं त्यानं लिहिलेलं नाही. ते मीच वाचलं.

त्याआधी चार दिवस मला रिकामं केलं गेलं.
कोंबडीचं पांढरं मांस, काकडी, पुन्हा कोंबडी,
आणि व्यायामशाळेत पाय, पाठ, खांदे
गोण्या झटकाव्यात तसे झटकून घेतले.
सोमवारी क्रेनच्या केबिनमध्ये, साठ मीटर वर,
खाली ओक्पोच्या गोदीत जहाजाचा अर्धा सांगाडा,
रेडिओवर दोक-सू सांगत होता, "डावीकडे, ताई, डावीकडे,"
आणि मला
डावं म्हणजे कुठलं तेच आठवेना.
मी हात काढून घेतला. ऐंशी टनांचा भाग
हवेत तसाच थांबला,
भरल्या ताटावर बसलेल्या माणसानं
दारातल्या हाकेसाठी थांबावं तसा.
"वारा आहे," मी खोटं सांगितलं.

ब्योन म्हणतो, स्नायू म्हणजे कोठार.
पार तळ दिसेपर्यंत उपसलं की ते धास्तावतं,
मग दाराशी येईल ते आत ओढून घेतं,
नेहमीपेक्षा जास्त, उद्याचा भरवसा नसल्यासारखं.
बाबा हसले असते हे ऐकून.
बाराव्या वर्षी ते या बेटावर उतरले,
उत्तरेकडून, जहाजात उभ्या उभ्या.
त्यांना हे कुणी ग्रॅममध्ये समजावलं नव्हतं.
ते गेले तेव्हा कपाटातून
तांदूळ भरून गाठ मारलेले मोजे निघाले.
सात.
त्यातल्या एकातल्या तांदळाला अजून वास नव्हता.

अकरा वाजता पहिला घास.
एकला गजर, रताळं. तीनला गजर, भात.
जीभ विसरलीच होती की नुसता भात गोड असतो.
पहाटे बोटं गरम झाली.
आरशात मांडीवर दोर उमटले, एकेक,
बावन्न वर्षांच्या कातडीखाली
कुणीतरी रात्रपाळीला कामावर आल्यासारखे.
मी दिवा लावून, बंद करून, परत लावून पाहिलं.
गुरुवार असाच. शुक्रवारी दुपारपर्यंत असाच.

शुक्रवारी रात्री भावजय आली, कुम-ओक.
सणाचे दिवस. डब्यात
तांदळाच्या पिठीच्या चंद्रकोरी, पोटात तीळ आणि मध,
खाली पाइनची पानं, अजून वाफ धरून.
"एक," ती म्हणाली.
"एक," मीही म्हणाले.
डबा मीच धुऊन परत दिला.

कोठार भरलं की पाणी थांबत नाही.
एका ग्रॅममागे तीन ग्रॅम, हिशेब पक्का,
आणि आत जागा नसली की ते कातडीखाली येऊन बसतं
फुकट्या पाहुण्यासारखं, पाय पसरून.
सकाळी माझे दोर पुसट झाले होते.
चांगवनच्या सभागृहात अंगाला तपकिरी रंग फासला,
पोट आत, छाती वर, हसू तयार.
मी सातांत सहावी आले.
सातवीला ताप होता.

ब्योन परतीच्या वाटेवर काही बोलला नाही.
बोगद्यातून गाडी बाहेर आली तेव्हा विचारलं,
"तीळ होते?"
"तीळ आणि मध."
तो बराच वेळ समुद्राकडे बघत गाडी चालवत राहिला.
मग म्हणाला, त्याची आईसुद्धा तिळाच्याच करायची.

सोमवारी क्रेनची लिफ्ट बंद.
शिडीनं चढले, मध्ये एकदाही न थांबता,
आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की आपण मोजत नव्हतो.
पायऱ्या, घास, काहीच नाही.
"डावीकडे, ताई."
मी डावीकडे नेलं. हळू, अजून हळू,
खालची माणसं हात वर करून वाट बघत होती.
भाग खाचेत बसला, आवाजसुद्धा न करता.
"आज वारा नाही वाटतं?" दोक-सूनं विचारलं.
"नाही," मी म्हणाले. "त्या दिवशीही नव्हता."