बाक

संकेश्वरच्या बाजारात मडिवाळप्पा कम्मार
सरळ सुरी ठेवतच नाही.
मागितली तर म्हणतो,
"पलीकडं मिळंल, लिंबू चिरायची."

त्याच्या पात्याचं टोक आत वळलेलं,
धार पोटात, पाठ बोथट.
तंबाखूचा शेंडा खुडताना
देठ आपणहून बाकात येतो,
निसटत नाही.
रेटायचं नसतं, नुसतं आपल्याकडं ओढायचं.
वायरमन काशीम त्यानंच केबल सोलतो,
तांब्यावर ओरखडा नाही.

मी आकडी म्हणते, तो कुडगोल.
तो दीडशे म्हणतो, मी शंभर.

परवा रात्री कालवडीच्या गळ्याला
नायलॉनचं दावं आवळलं.
डोळे बाहेर, जीभ काळी.
हात माझे थरथरत होते.
टोक दाव्याखाली सरकवलं,
पाठ तिच्या गळ्याकडं,
धार माझ्याकडं,
आणि ओढलं.

ती उठली, मला लाथ मारून गेली.
अंगठा माझा चिरला, थोडाच.

आज त्याच्याकडं गोल कानस घ्यायला गेले,
सपाट दगडावर ही धार धरत नाही.
सांगेल तो भाव दिला.
मडिवाळप्पा
नोटा उजेडात धरून
दोनदा बघत बसला.