नऊ पुरुष

जिंतूरला माझं दुकान, काचेखाली मेलेले डिस्प्ले.
तिथं एक दिवस मुंजाजी भोई आला,
पिशवीत मासे दाखवणारं मशीन.
पुतण्यानं पाठवलंय, म्हणाला, लावून दे.

मग येलदरीच्या पाण्यावर आम्ही दोघं, पहाटे.
पत्र्याची होडी. माझ्या मोटरसायकलची बॅटरी.
आणि काठीला बांधून पाण्यात धरलेली
बिस्किटाएवढी काळी चकती.

ती हाक मारते. आपल्याला ऐकू येत नाही,
कुत्र्यालाही येणार नाही, इतकी बारीक.
हाक तळाला थडकते, परत येते
सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात.
मशीन तेवढा वेळ धरतं, निम्मा जाण्याचा म्हणून सोडतं,
उरलेल्याचे मीटर करतं : पंधरा.

मुंजाजीनं दगड बांधलेली दोरी सोडली.
पुरुषाला एक गाठ, बापाच्या उंचीनं मारलेली.
वर ओढली तेव्हा नऊ गाठी ओल्या होत्या.
मी गुणाकार केला आणि गप्प बसलो.
त्या काळ्या पाण्यात, तळापासून होडीपर्यंत
नऊ वेळा उभा होता त्याचा बाप,
स्वतःच्याच खांद्यावर.

मग पडद्यावर एक कमान उगवली.
मासा, मी म्हणालो. वाकडा नाही तो, सरळच चाललाय.
लांब होता, खाली आला, पुन्हा लांब गेला,
त्या अंतराची ही कमान.
आणि मांसावरून नाही, हाक परतते
त्याच्या पोटातल्या हवेवरून.
'फुगा व्हय,' मुंजाजी म्हणाला.
'पोरं टाचंखाली फोडतेत. फट्.'

उजवी कड म्हणजे आत्ता, मी सांगत होतो.
तिच्या डावीकडं सगळं होऊन गेलेलं.
लांबी माशाची नसते, वेळेची असते.
एवढं सांगून झालं
आणि तीन पुरुषांवर एक जाड रेघ सुरू झाली.
संपेना. अर्धा पडदा. पाऊण.
'काका, केवढा कटला हाय बघा!'
माझंच ज्ञान मला पाण्यात टाकून
मी उभा राहिलो, होडी डुलली.

मुंजाजीनं हातातली दोरी
दोन वीत वर घेतली.
रेघही तेवढीच वर आली.
खाली घेतली. खाली गेली.
तिसऱ्यांदा मला बघायला लावून त्यानं
दगड होडीत ठेवला
आणि विडी पेटवली.

जाळं त्यानं रात्रीच लावलं होतं,
पलीकडच्या बाभळींच्या खोडांजवळ, मशीनला न विचारता.
रोहू निघाले चार, एक मरळ, चिलापी ढिगानं.
उन्हं वर आली तसा पडदा दिसेनासा झाला,
मग आपोआप विझला.

बॅटरी परत बसवली. गाडीनं नुसती किरकिर केली.
धरणाच्या चढावर मी हँडल धरून,
मुंजाजी मागून लोटत,
हँडलला टांगलेला रोहू दर पावलाला
टाकीवर आपटत होता : टक्.
थोडं थांबून, टक्.
'पंधरा मीटर,' मागून आवाज आला,
आणि त्याला इतकं हसू फुटलं
की गाडी दोन हात मागं आली.