मिटलेल्या ट्यूलिपसमोर

रात्रपाळीत तीन बाळं झाली,
तिसरं पायाळू.
हाताला अजून स्पिरिटचा वास आहे
आणि मी तलासच्या टेकडीवर
दंवात पालथी पडलेय,
कोपरं चिखलात,
एका मिटलेल्या रानट्यूलिपसमोर.

कॅमेरा माझ्या भावाचा, मेलिसचा.
मॉस्कोत लोकांच्या दारातला बर्फ उपसून त्याने घेतला
आणि हप्ते थकले तेव्हा मला विकला,
पूर्ण किमतीला.
भिंग मी उलटं लावलंय, चिकटपट्टीने.
उलट्या भिंगातून जवळचं अगदी नाकाशी येतं,
बाकी सगळं, डोंगर, इस्पितळ, माझं एकोणपन्नासावं वर्ष,
सांडलेल्या दुधासारखं पसरून जातं.

फुलात कुणीतरी झोपलंय.
काल संध्याकाळी शिरताना पाहिली मी,
एकांडी मधमाशी, कुठल्याच पोळ्याची नाही.
ऊन गेलं, पाकळ्या मिटल्या,
ती आतच राहिली.

ऊन टेकडीच्या पलीकडे आहे अजून.
तोवर जे मिळेल ते:
पात्यावर टाचणीच्या डोक्याएवढा भुंगेरा,
त्याच्या पाठीवर दंवाचा थेंब, त्याच्याहून मोठा,
तो हमालासारखा उभा.
बारा फोटो. अकरा हललेले.
बाराव्यात भुंगेरा नाही.

‘एजे, काय हरवलं?’
घोड्यावरून आवाज.
मागे मेंढ्या, त्यांचं ते न संपणारं कुरतडणं.
‘काही नाही. वाट बघतेय.’
‘कुणाची?’
मी बोट दाखवलं.
म्हातारा उतरला. आधी घोडा कण्हला, मग त्याचे गुडघे.
नाव सांगितलं, जुमाकादिर,
आणि डोक्यावरची पांढरी नमद्याची टोपी काढून
वाऱ्याच्या अंगाला आडोसा धरला,
जणू रोज सकाळी हेच काम असतं त्याला.

पाच मिनिटं धीर धरला त्याने.
मग वाकला
आणि चष्म्याच्या काचेवर सोडावा
तसा फुलावर श्वास सोडला, हाऽऽ,
कांदा, चहा, तंबाखू, सगळं त्यात.
मी ओरडणार होते.
पण आतून आवाज आला,
उशीखाली ठेवलेला फोन थरथरावा तसा.
ती पंख हलवत नव्हती, नुसती कापत होती,
कापून कापून अंग तापवत होती.

मला ती थरथर माहीत आहे.
पहाटे चार दहाला,
निळसर पाठ चोळत होते मी, चोळतच होते,
आणि सगळी खोली
माझ्या तळहाताकडे बघत होती.

पाकळी सैल झाली.
ती मागे मागे सरत बाहेर आली, परागाने माखलेली,
टोपीच्या काळ्या नक्षीवर बसून डोळे पुसले,
आणि गेली.

‘निघाला का फोटो?’
दाखवला. त्यात टोपी आहे, स्पष्ट, एकेक टाका.
घोड्याचा एक पाय आहे.
आणि उघड्या फुलाच्या तळाशी, पिवळ्या भुकटीत,
कुणीतरी कुशीवर निजल्याचा खळगा.
‘यात तर काहीच नाही,’ तो म्हणाला.
मी पुन्हा दाखवणार
तेवढ्यात एक मेंढी आली
आणि ट्यूलिप खाऊन पुढे गेली.
त्याने तिला शिवी घातली,
माझ्या समाधानापुरती.

आता घरी.
पडदे लाल आहेत माझे, जाड.
ओढून घेते.
चार वाजेपर्यंत
कुणी माझ्यावर फुंकर घालू नये.