साडेसहा नंबरचा हात

मियोच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी हातमोजे शिवते.
माणसाच्या तोंडाआधी मला त्याचा हात दिसतो.
माझा साडेसहा. होता.

आधी नखं.
उजव्या अंगठ्याच्या नखावर बारीक खड्डे पडले,
सुईनं टोचल्यासारखे.
जोसेत हसली : अगं, अंगुस्तानच रुजलं की तुझ्या बोटात!
मीही हसले. लाल रंग लावला.

मग काळ्या चामड्यावर पांढरा कोंडा.
मालकाला वाटलं, कातडं नीट कमावलेलं नाही,
त्यानं ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.
मी गप्प.
कानामागे, भांगात, बेंबीत
मी सोलली जात होते, कुणाच्या नजरेला न पडता.

टाच दुखली, बुटांना बोल लावला.
कंबर धरली, गादीला.
एका रविवारी डोळा लालभडक झाला,
तेव्हा लार्झाकच्या पठारावरचा वारा होताच.

पण डाव्या करंगळीशेजारचं बोट सुजलं
ते एका पेरात नव्हे,
मुळापासून टोकापर्यंत, सगळंच्या सगळं,
ठासून भरलेल्या सॉसेजसारखं.
अंगठी सोनारानं कापून काढली.
सकाळी मूठ उघडायला दहा वाजायचे,
तोवर कॉफीच्या डब्याचं झाकण दातांनी.

रक्त तपासलं.
रक्तानं कानांवर हात ठेवले.

डॉक्टर कासान्य यांनी आधी हात पाहिलाच नाही.
म्हणाले, मोजे काढा. पायातले.
मग कानामागचे केस सारले.
मग विचारलं, घरात कुणाला?
आणि मला बाबांची टोपी आठवली,
जेवतानाही न उतरवलेली,
आणि त्यांची खरखरीत कोपरं.
टॅनरीतल्या चुन्यानं होतं, म्हणायचे,
सगळ्यांनाच होतं.
सगळ्यांना होत नव्हतं.
शेजारच्या हौदावरच्या मार्सियालला नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर एकच नाव लिहिलं, लांबलचक.
एवढे सगळे तुकडे, एकाच कातड्यातून बेतलेले.
मला कळायला हवं होतं.
तुकडे जुळवण्याचाच तर पगार घेते मी.

आता पंधरवड्याला एक इंजेक्शन.
सूज ओसरली, पण बोट जुन्या मापाला येत नाही.
काल सगळे गेल्यावर मी माझ्यासाठी कापलं
मऊ कोकराचं चामडं :
साडेसहाचा डावा,
अनामिका तेवढी आठची.
टाके मुद्दाम बाहेरून घातले.
दिसू देत.