एक कमी

सिमरोळच्या अलीकडे, सोयाबीन निघून
पडीक राहिलेल्या रानात
वागाराम रेवाऱ्याचा डेरा पडला होता.
दोन-तीनशे मेंढ्या, चार सांडण्या,
सांडणीच्या पाठीवर उलटी बांधलेली खाट
आणि खाटेत कालची कोकरं.

सत्तारभाईंची रिक्षा मला आठला सोडून गेली.
बाभळीखाली इझल उभं केलं,
पायांना दगड लावले.

एकतीस वर्षं मी शाळेत मुलींना सफरचंद शिकवलं.
उजेड डावीकडून, सावली उजवीकडे.
सफरचंद हलत नाही.

मेंढी हलते.
डोकं धरावं तर ते गवतात,
पाय धरावेत तर ते दुसरीचेच निघतात.
दहापर्यंत कॅनव्हासवर जमल्या
अकरा पाठी, आणि तोंड एकीलाही नाही.

मग एकेक मेंढी काढणं सोडलं.
चाकूवर पांढरा घेतला, त्यात चिमूटभर पिवळी माती,
कालच्या पॅलेटची थोडी मळ,
आणि लोकर थापत गेले, लोकरीला लागून लोकर.
पांढरा कुठंच पांढरा नव्हता.
पोटाखाली तो निळा पडत होता
मागच्या अळशीच्या शेतासारखा,
जिची फुलं दुपारपर्यंत गळणार
म्हणून मी घाई करत होते.

वागाराम आला तो आधी वास घेत.
"ह्यात अळशीचं तेल आहे ना?
व्यालेल्या मेंढीला हीच पेंड घालतो आम्ही."
बाटलीवरचं विलायती नाव
मी इतकी वर्षं वाचत आले होते.
शेताकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

तो उकिडवा बसला चित्रासमोर,
काठी खांद्याला टेकून, कानावरची बिडी कानावरच.
बराच वेळ.
मला वाटलं, बघतोय.
तो मोजत होता.

"एक कमी, बाईसा."

म्हटलं, ह्या मोजायच्या नाहीत,
हा नुसता कळप आहे, लांबून दिसतो तसा.

"लांबूनच तर मोजतात."

मग न टेकवता बोट फिरवलं त्यानं:
ही चांदी. ही तिची पोर, आईला सोडत नाही.
ही लंगडी, मागचा डावा पाय,
ही अगदी बरोबर काढलीत.
(तिथं माझा चाकू घसरला होता.
मी ते पुसणार होते.)
आणि कानकटी कुठाय?

बोट थांबलं डाव्या कोपऱ्यात, ओघळीजवळ,
जिथं मी जागा मोकळी ठेवली होती
नजरेला श्वास घ्यायला,
जसं मुलींना शिकवायची.

मी चित्रावरून रानात पाहिलं.
तिथंही कोणी नव्हतं. नुसतं गवत,
इतर ठिकाणच्यापेक्षा जरा उंच.

"पाच रात्री झाल्या. घाटात बिबट्यानं नेली.
पण चरायची तिथंच.
बाकीच्या अजून जात नाहीत तिकडे."
एवढं बोलून तो उठला,
एका कोकराला शिवी देत निघून गेला.

आता संक्रांत होऊन गेली.
डेरा नर्मदेकडे उतरला असेल.
चित्र रामबागेतल्या घरी, गॅसच्या टाकीशेजारी उभं आहे;
जाऊबाई म्हणतात, पोळ्यांना वास लागतो.
दोनदा ब्रशवर पांढरा घेतला
आणि दोनदा फडक्याला पुसला.

आभाळ वाळलं. अळशी वाळली.
लोकर मात्र बोटाला लागते अजून,
पांढरा असाच, सगळ्यात उशिरा वाळणारा.
लंगडीच्या पाठीवर एक खरा केस चिकटलाय,
त्या दिवशीच्या वाऱ्यानं आणलेला.
चिमट्यानं निघेल.
निघेल, पण सोबत रंगही येईल थोडा.