पर्बताबाईचा गंधार

मंडईच्या आदल्या रात्री तालमीत
मीच तिला म्हणालो, बाई, तुमचा गंधार चढतो.
पर्बताबाईनं खर्रा गालात सरकवला,
रोवणीचं तेच कडवं पुन्हा म्हटलं,
आणि बोट दाखवलं
माझ्या गिटारच्या मानेकडे:
"माहा तिथंच बसते गा. तुह्या लोखंडाले इचार."

लोखंडाला विचारायचं म्हणजे मोजायचं.
पुतणीच्या कंपासमधली पट्टी तीनदा उचलून ठेवली.
मेरूपासून घोडीपर्यंत
सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर.
कारखान्याचा हिशेब सरळ आहे:
उरलेल्या तारेला सतरा पूर्णांक आठशे सतरानं भागा,
पडदा ठोका,
पुन्हा उरलेल्याला भागा.
बारा घरांची वाटणी. भांडण नको म्हणून
सगळ्यांनाच थोडं थोडं खोटं.

पर्बताबाई भागाकार करत नाही.
ती तारेचा सहावा हिस्सा सोडते
आणि उभी राहते. एकशे आठवर.
माझा पडदा एकशे तीनवर.
मधे पाच मिलिमीटर,
एचएमटी तांदळाचा एक दाणा,
शिजायच्या आधीचा.

शामराव चापले पूर्वी बंडीची चाकं करायचे,
आता चौकटी करतात.
त्यांनी पक्कडीनं पडदे उपटले,
एकेक, जुन्या दाढांसारखे,
खाचांत सागाचा भुसा भरला, फेविकॉल ओतलं,
आणि विचारलं, "येचे पैसे कोन देते?"

बोडीवरून डोमाजीकडची तंगूस आणली.
दोन वेढे, गाठ,
सतारीला बांधतात तसे पडदे, सरकणारे.
पेन्सिलची खूण, त्यावर गाठ.
सतरा गाठी मारून झाल्यावर कळलं
की घोडी आधी बघायला हवी होती.

दाबली की तार ताणते,
ताणली की चढते,
जाड तार जास्त चढते.
म्हणून प्रत्येकीचं खोगीर वेगळं मागं घ्यायचं,
बारीक तारेला दोन मिलिमीटर, जाडीला तीनच्या वर,
मधोमध नुसतं बोट टेकवून जो सूर सुटतो
तो आणि दाबलेला
एक होईपर्यंत स्क्रू फिरवायचा.
फिरवला. रात्रीचे दोन वाजले.
सतरा गाठी सोडल्या, पुन्हा मारल्या.

तिसरी तार चढवून काळी चारवर आणली,
बाईच्या सावर.
गंधार बरोबर लागला.
शेजारच्या तारेवर त्याच दोऱ्यानं
भलताच सूर दिला.
एकीचं खरं दुसरीला लागू नाही,
दोरा मात्र सरळ जातो.
शेवटी सायकलच्या तारेचा
नखाएवढा तुकडा कापून
फक्त तिसरीच्या खाली चिकटवला.
शामराव म्हणाले, "गिटार आहे का भांड्याचं डाग?"

दुसऱ्या रात्री शामियान्यात
रंगवलेल्या जंगलाचा पडदा वर गेला,
आणि तिनं विंगेतूनच कडवं उचललं.
आमच्या दोघांच्या गंधारामधली ती थरथर,
जिला मी इतकी वर्षं
ॲम्प्लिफायरची खराबी समजत होतो,
थांबली.
कुणाच्या लक्षात आलं नसावं.
पुढच्या रांगेत एक पोरगं झोपलं.

पहाटे चहाच्या ठेल्यावर तिनं सांगितलं,
"बराबर आहे. आता दंडारीतलं आयक."
आणि गुणगुणली. मी तार शोधू लागलो.
गंधारच होता, पण खाली.
बोट मागं नेत नेत
भुशानं भरलेल्या जुन्या खाचेवरून गेलो
आणि पलीकडे थांबलो. एकशे एकवर.
म्हणजे लोखंड उभं होतं
तिच्या दोन्ही गंधारांच्या मधे, कुठेच नसलेल्या जागी.

मी कानामागची पेन्सिल काढली.
ती चहा बशीत ओतत
गिटारच्या मानेकडे बघत होती,
तुकडे, गाठी, खुणा, फेविकॉलचे ओघळ.
"आता हे कुठं ठेवशीन?"